भिंतीवरच्या पट्ट्या आणि पांडवलेणी

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, इतिहासाचा पॉडकास्ट इंटिरियरकडे कुठे वळला? पण थोडं थांबा.

सध्या नाशकात नवा फ्लॅट घेतला की हॉलची एक भिंत ‘अ‍ॅक्सेंट वॉल’ करतात. तीन भिंती साध्या, आणि सोफ्यामागच्या चौथीवर एमडीएफ किंवा पीव्हीसीच्या पट्ट्यांच्या चौकटी, वर एकच गडद रंग. मग कोणीतरी काका विचारतात, “याचा उपयोग काय?” खरं सांगायचं तर काही नाही. युरोपात भिंतीला आतून लाकडी फळ्यांचं अस्तर लावायचे, थंडी आणि ओल अडवायला. त्या फळ्या चौकटीत बसवलेल्या असायच्या. पुढे अस्तर गेलं, चौकटीचा आकार तेवढा राहिला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण ‘सेव्ह’च्या बटणावर अजून तीच आहे.

याला ‘खोटं लाकूड, परदेशी फॅड’ म्हणणाऱ्यांनी एकदा पांडवलेण्यांवर जावं. मुंबई-आग्रा हायवेलगतचा हा त्रिरश्मी डोंगर, त्यात 24 लेणी. त्यातलं 18 नंबरचं एकमेव चैत्यगृह. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्याची दर्शनी भिंत नीट बघा. कठड्यासारखी वेदिका, कमानी, छोटे खांब, दारावर लाकडी चौकटीचं जाळं. सगळं दगडात! यातली एकही गोष्ट काही पेलत नाही. डोंगर स्वतःच उभा आहे. 3 नंबरच्या लेण्यात तर ओसरीखाली दगडातच तुळया कोरल्यात आणि सहा यक्ष त्या खांद्यावर घेऊन उभे आहेत. कार्ले आणि भाज्याला याहून गंमत आहे: तिथे दगडी छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्यात. त्या काढल्या तरी छत पडणार नाही.

मग हा खर्च कोणी केला? 3 नंबरचं लेणं गौतमी बलश्रीचं, म्हणजे राजमातेचं दान. पण 18 नंबरच्या दारावरची ती नक्षी, लेखात लिहिल्याप्रमाणे, धंबिक नावाच्या गावाने दिली. अख्ख्या गावाने मिळून भिंतीवरची सजावट दिली आणि नाव कोरून ठेवलं. म्हणजे ‘उपयोग काय’ हा प्रश्न त्यांना पडला नव्हता, किंवा त्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. ज्या लाकडी इमारती बघून कारागिरांनी हे कोरलं, त्यातली एकही आज उरलेली नाही. कुजल्या, जळल्या, वाळवीने खाल्ल्या. तुळई कशी बसवायचे, कमान कशी वळवायचे, हे आपल्याला कळतं ते बऱ्याच अंशी या दगडी नकलेवरून. मूळ गेलं, नक्कल टिकली. बॅकअप म्हणा ना!

आणि म्हणूनच जुन्या नाशकातले वाडे बघून जीव कासावीस होतो. सरकारवाडा संरक्षित आहे, ठीक. पण गल्लीबोळातले वाडे दर पावसाळ्यात खचतात, भाऊबंदकीत अडकतात, शेवटी पाडले जातात. सुरूदार खांब, महिरपी, गणेशपट्ट्या भंगाराच्या भावाने जातात. आणि त्याच जागेवरच्या नव्या फ्लॅटमध्ये आपण नक्कल करतो ती कुठल्यातरी युरोपियन दिवाणखान्याची.

पट्ट्या लावू नका असं मी म्हणत नाही, जरूर लावा. फक्त आजोळचा वाडा पडायच्या आधी एक रविवार काढा. दाराच्या चौकटीला टेप लावून माप घ्या, महिरपीचे समोरून फोटो काढा, नक्षीवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. हल्ली सीएनसीवाला एमडीएफमध्ये कुठलाही आकार कापून देतो. त्याला इंटरनेटवरचं डिझाईन देण्याऐवजी ते द्या. काकांनी विचारलं, तर उत्तरही तयार असेल.

भेटूया पुढच्या भागात. तुमच्या वाड्याचे फोटो असतील तर नक्की पाठवा.