परसदारातील बखर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परसदारातल्या भुंगेऱ्यांनाही इतिहास असतो, असे म्हटले तर वाचक कदाचित हसतील. पण इंग्लंडात असा इतिहास खरोखरच लिहिला गेला आहे, आणि तोही बहुतांशी हौशी माणसांनी.

लेडीबर्ड भुंगेरा तुम्ही पाहिला असेलच. तुरीच्या डाळीएवढा घुमटदार जीव, लाल पाठीवर काळे ठिपके. आपले शेतकरी त्याला ढालकिडा म्हणतात. पिकावरचा मावा खातो म्हणून मित्र मानतात. याच कुळातला दोन ठिपक्यांचा भुंगेरा इंग्लंडच्या बागांत पूर्वी सर्रास दिसे. आता जे रोज दिसते, ते लिहून कोण ठेवणार?

काहींनी ते ठेवले. १९७१ साली तेथे या भुंगेऱ्यांच्या नोंदींची योजना सुरू झाली. १९८४ मध्ये केंब्रिजचे मायकेल मेजेरस यांनी शाळकरी मुलांनाही या कामाला लावले. भुंगेरा कोणता, कुठे, कोणत्या दिवशी दिसला, एवढेच लिहायचे!

पुढे २००४ मध्ये एसेक्स परगण्यात एक परका पाहुणा आढळला. त्याचे नाव हार्लेक्विन. हा मूळचा आशियातला. मावा मारण्यासाठी युरोपात मुद्दाम आणून सोडलेला. अंगाने थोराड आणि मोठा खादाड. माव्याबरोबर इतर भुंगेऱ्यांची अंडी नि अळ्याही तो फस्त करतो. २००५ पासून लोकांकडून त्याच्या नोंदी मागवण्यात आल्या, आणि घराघरांतून त्या येऊ लागल्या.

२०१२ साली अभ्यासकांनी जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या. हार्लेक्विन आल्यावर पाचच वर्षांत ब्रिटनमध्ये दोन ठिपक्यांच्या भुंगेऱ्याचा आढळ ४४ टक्क्यांनी घटला होता. तपासलेल्या आठ देशी जातींपैकी सात ओसरल्या होत्या. सात ठिपक्यांचा भुंगेरा तेवढा टिकून होता.

आता विचार करा, जुन्या वह्या नसत्या तर? "पूर्वी पुष्कळ होते हो," एवढेच म्हातारी माणसे म्हणत राहिली असती, आणि त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. संकट आल्यावर केलेली नोंद फक्त संकट दाखवते. काय गेले ते सांगायला आधीचीच नोंद लागते.

म्हणून तुमच्या परसात आज जे मुबलक आहे, तेच आधी टिपा. तारीख, झाड, संख्या लिहा. अन् शोधूनही काही दिसले नाही, तर तेही लिहा.