नाच्या : मराठी पडद्यावरील व्यक्तिरेखा

तमाशाच्या फडात बायकी हावभाव करून लोकांना हसवणारा पुरुष म्हणजे नाच्या. कमरेत बाक, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचे बोट हनुवटीला, मानेला झटका आणि मग लांबवलेले ‘आत्ता गं बयाऽ’. स्त्रिया फडात उभ्या राहत नव्हत्या तेव्हा पोरगाच लुगडे नेसून नाचत असे. पुढे नृत्य स्त्रियांकडे गेले आणि नाच्याच्या वाट्याला फक्त हसू उरले. मराठी सिनेमाने त्याला उचलले ते याच अवस्थेत. बाई-पुरुषाच्या ठरीव साच्यात न बसणाऱ्या माणसाचे मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढचे चित्र कित्येक वर्षे एवढेच होते. कोल्हापूरकडे, गडमुडशिंगीपासून कागलपर्यंतच्या पट्ट्यात, ‘नाच्या’ हा शब्द कलावंतासाठी जितका वापरतात तितकाच पोरांना चिडवायलाही.

पडद्यावर लुगडे नेसलेला पुरुष आधी हसण्याचा विषय नव्हता. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (1913) अण्णा साळुंके तारामती झाले, तेव्हा ती गरज होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’त (1920) स्त्री-भूमिका स्त्रियांनाच दिल्या आणि गरज सरली.

गणपत पाटील यांनी नाच्याला पडद्यावर कायमचे घर दिले. ते कोल्हापूरचे, गरिबीतून आलेले. ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकातल्या नाच्याने त्यांना नाव मिळवून दिले. त्यानंतर ‘सवाल माझा ऐका’ (1964), ‘केला इशारा जाता जाता’ (1965) अशा तमाशापटांतून तीच भूमिका त्यांच्याकडे येत राहिली. ते संसारी गृहस्थ होते, मुलाबाळांचे बाप होते. पण पडद्यावरचा नाच्या लोकांनी इतका खरा मानला की पाटील तसेच असणार, असे धरून चालले. त्याचा त्रास त्यांच्या मुलांना झाला, मुलांची लग्ने जमवताना घराला झाला. ‘रंग नटरंग’ हे त्यांचे आत्मकथन. 23 मार्च 2008 रोजी त्यांचे निधन झाले. एवढ्या ताकदीच्या नटाला आयुष्यभर आपण ‘तसे’ नाही हे सांगत राहावे लागले, ही गोष्ट जिव्हारी लागते. आणि त्याहून जास्त लागते ती ही की, जे खरोखर ‘तसे’ होते आणि तंबूत बसून तोच सिनेमा बघत होते, त्यांचा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

हसणाऱ्यांकडून कॅमेरा नाच्याकडे वळला तो रवी जाधव यांच्या ‘नटरंग’मध्ये (2010). मूळ कादंबरी कागलच्या आनंद यादवांची. गुणा कागलकर हा पैलवानी अंगाचा मजूर. वगात राजा व्हायचे त्याचे स्वप्न. फडाला नाच्या हवा आणि कुणी तयार होईना, म्हणून तो स्वतः उभा राहतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आधी अंग कमावले, मग उतरवले. पिळदार दंड जाऊन मनगटात लचक येते, तेव्हा एक माणूस कलेपायी काय काय सोडतो ते दिसते. बदल्यात त्याला मिळते ती टिंगल, बायकोचा तिरस्कार आणि देहावरचा अत्याचार.

त्याआधी आलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ही याच जिल्ह्याच्या मातीतला. गडहिंग्लज भागातले राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. यल्लम्मा देवीला सोडलेला, लुगडे नेसायला लावलेला जोगता तायप्पा साकारून उपेंद्र लिमये यांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

दोन्ही चित्रपट मोठे आहेत, तरी एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. गुणा आणि तायप्पा दोघेही परिस्थितीने लुगड्यात आलेले पुरुष आहेत, दोघांचेही मन बाईवर आहे. ‘हा आतून पुरुषच आहे’ अशी खात्री मिळाल्यावरच प्रेक्षक त्यांच्यासाठी रडतो. गणपत पाटलांनाही लोकांना हीच खात्री द्यावी लागत होती. जो जोगता मनापासून लुगडे नेसतो, त्याची कथा यात मावलेली नाही.

ती खात्री न मागणाऱ्या कलाकृती थोड्या. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त (1982) महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग येतो. अमोल पालेकरांच्या ‘थांग’मध्ये (2006) नवऱ्याचे समलिंगी असणे घरात उघड होते. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’वरून रवी जाधव यांनी ‘मित्रा’ हा लघुपट केला. मुलीवर प्रेम करणारी मुलगी त्यात थेट समोर येते, तिला कुठल्याही सोंगाचा आडोसा नाही. ‘नटरंग’नंतर ‘बालगंधर्व’, ‘मित्रा’ आणि तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या जीवनावरची ‘ताली’ (2023) ही मालिका, असा या एकाच दिग्दर्शकाचा प्रवास स्वतंत्र अभ्यास मागतो.

दूरचित्रवाणीवर मात्र विनोदी कार्यक्रमांतला साडीतला पुरुष अजून नाच्याचीच गादी चालवतो. ‘ताली’त तृतीयपंथी नायिका सुष्मिता सेन यांनी साकारली. झी मराठीच्या ‘कारभारी लयभारी’त मात्र गंगा ही स्वतः पारलिंगी असलेली अभिनेत्री रोजच्या मालिकेतून घराघरात पोचली, ही बाब अधिक मोलाची.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्यूरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेळ्या राखणारा त्याचा बालमित्र बाळ्या, एवढीच गोष्ट. दोघांच्या चालीत लचक नाही, बोलण्यात ‘बया’ नाही, पार्श्वसंगीतही नाही. नातेवाईक आनंदच्या लग्नाचा विषय काढत राहतात. आईला सगळे ठाऊक आहे, आणि ती लेकाच्या बाजूने उभी आहे.