बांधलेले पाणी आणि पाहुणी पाखरे

रायपूर हे तळ्यांचे गाव. तात्यापाऱ्यातील आम्हां मराठी मंडळींस बूढा तालाब परका नाही. अशी तळी माणसाने आपल्या गरजेसाठी खोदली, पाखरांसाठी नव्हे. तथापि पाण्याचा इतिहास मूळ हेतूपाशी थांबत नाही.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वराचेच उदाहरण घ्या. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ 1907 ते 1911 या काळात सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. पुराबरोबर गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे आणि पाणवनस्पती वाढल्या. साठवणीच्या हिशेबात ही हानीच होय. परंतु चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणलाव्यांस आणि उत्तरेकडून येणाऱ्या बदकांस तेथेच अन्न व आसरा लाभला. 1986 साली ते अभयारण्य झाले, 2019 साली रामसर यादीत गेले.

1971 च्या रामसर कराराने नैसर्गिक व कृत्रिम पाणथळ असा भेद मानला नाही. आपल्या 2017 च्या नियमांनी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येबाहेर ठेवले. व्याख्येतील एका शब्दाचे बळ सरकारी नोकरास ठाऊक असते. छत्तीसगडातील मानवनिर्मित कोपरा जलाशय 2025 साली रामसर यादीत आला, म्हणून त्यास संरक्षण लाभले. प्रश्न उरतो तो यादीबाहेरील गावतळ्यांचा. तळे कशासाठी बांधले, एवढेच दप्तरी नोंदवून भागणार नाही. हिवाळ्यात तेथे कोण उतरते, याचीही नोंद झाली पाहिजे.