जाम्याचे बंद कोणत्या बाजूला?

छंद आणि व्यसन यांतला फरक कळत नसेल तर माझ्या घरच्यांना विचारावे. धान्याच्या कोठीशेजारी तीन पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत जुन्या शेरवान्या, हिमरूचे तुकडे, एक विरलेला शेला, दोन दस्तार आणि मी स्वतः शिवलेले जामे-अंगरखे आहेत. बायको या पेट्यांना सवत म्हणते. पगाराच्या आठवड्यात हैदराबादला पत्थरगट्टीत गेलो की मुलांच्या वह्यांआधी अस्तराचे कापड घेतले जाते, ही तिची तक्रार खरी आहे. आम्हा देगलूरकरांना हैदराबाद औरंगाबादपेक्षा जवळ, त्यामुळे मोह आवरणेही कठीण.

जुन्या काळचे पोशाख जमवायचे आणि जे मिळत नाहीत ते जुनी चित्रे व ग्रंथ पाहून शिवायचे, असा हा नाद. युरोप-अमेरिकेत हजारो लोक तो करतात. एका बटणासाठी, एका टाक्यासाठी तासन्‌तास वाद घालतात. मी मात्र त्यात कपड्यांमुळे पडलो नाही, शब्दांमुळे पडलो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला शिंप्याचे दुकान म्हणजे शब्दकोशच. सदरा आणि खमीस अरबीतून आले. पायजमा, रुमाल, अस्तर, खिसा, जरी हे फारसीतून. मखमल अरबी. त्यांच्याच शेजारी धोतर, लुगडे, चोळी, शेला हे इथल्या मातीतले शब्द नांदतात. शिवणयंत्रावर बसलेल्या माणसाला यातला कोणता शब्द कुणाचा, हे कधी विचारावे लागत नाही. कपडा अंगाला बसला की झाले.

गोष्ट बिघडते ती भाड्याच्या ड्रेपरीत. जानेवारीचे स्नेहसंमेलन असो, शिवजयंती असो की १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, कपडेपट बहुधा दोन पेट्यांत येतो. एका पेटीत भगवे, केशरी, झळाळते. दुसऱ्या पेटीत काळे, हिरवे, चमकी लावलेले, सोबत खोटी दाढी. दुसरी पेटी कुणाच्या अंगावर चढते, हे मराठवाड्यातल्या मुस्लिम पालकांना सांगायला नको. पाचवीतल्या एका मुलाने मला एकदा सरळ विचारले होते, ‘सर, मी मावळा का नाही?’ मी त्याला दौलतखान सांगितला, शिवाजी महाराजांच्या आरमारातला. महाराजांच्या पदरी असलेला काझी हैदर सांगितला. त्याचा पुढचा प्रश्न होता, ‘मग त्यांचे कपडे कसे होते?’

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे म्हणून मी पहिला जामा शिवायला घेतला. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या दर्जीचाचांनी कळ्या तिरक्या कापायला आणि बगल जोडायला शिकवले. लहान मुलाच्या मापाच्या जाम्यालासुद्धा घेर नीट पडायचा तर सहा-सात मीटर कापड लागते. वर अंगाबरोबर, खाली घेरदार, छातीवर एक पल्ला दुसऱ्यावर आणि काखेजवळ बंद. शिवता शिवता प्रश्न उभा राहिला तो बंदांचाच. ते कोणत्या बाजूला बांधायचे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्यात मोठा इतिहास आहे. मोगल काळातली चित्रे नीट पाहिली तर मुसलमान पुरुषाच्या जाम्याचे बंद साधारणपणे उजवीकडे आणि हिंदू पुरुषाचे डावीकडे दिसतात. कापड तेच, काट तोच, घेर तोच, कमरेचा पटका तोच. फरक फक्त बंदांचा. दोन समाजांमधले अंतर दरबाराने एका दोरीवर मोजले होते!

आणि हा जामा तरी निखळ बाहेरचा होता का? अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त ‘तकौचिया’ नावाच्या अंगरख्याचे वर्णन केले आहे. तो म्हणतो, हा हिंदुस्थानी घाटाचा, बिनअस्तराचा कपडा. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत. बादशहाने घेर गोल करायला लावला आणि बंद उजवीकडे नेले. कापड किती लागते हे गज आणि गिरहमध्ये दिले आहे, साधी शिलाई एक ते तीन रुपये, हेही नोंदवले आहे. म्हणजे ज्याला आपण मोगली पोशाख म्हणतो, त्याचा एक धागा इथल्याच अंगरख्यातून निघाला. अबुल फजल पुढे सांगतो की अकबराने कपड्यांना नवी नावे दिली. जाम्याला ‘सर्बगाती’, टोपीला ‘सीससोभा’, पादत्राणाला ‘चरणधरन’ आणि बुरख्याला चक्क ‘चित्रगुप्त’! उर्दूच्या वर्गात हे सांगितले की मुले हसतात. मग मी त्यांना सदरा आणि खिसा कुठून आला ते सांगतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, हे त्यांच्या लक्षात येते.

दख्खनमध्ये तर हे आणखी स्पष्ट दिसते. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली जी चित्रे युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांत पगडी, जामा आणि पटका असा त्या काळचा दख्खनी दरबारी पोशाख आहे. वा. सी. बेंद्रे यांनी १९३०च्या दशकात महाराजांचे अस्सल चित्र महाराष्ट्रापुढे आणले. त्याआधी इब्राहिमखान नावाच्या माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते. ही चूक कुणाच्या अडाणीपणाची म्हणून मी सांगत नाही. सरदार हिंदू की मुसलमान, हे नुसत्या कपड्यांवरून ओळखता येत नसे, एवढाच तिचा अर्थ. आपल्या ड्रेपरीवाल्याला मात्र ते लांबूनच ओळखू येते.

आमच्या भागापुरते शेरवानीचेही तेच झाले. १७ सप्टेंबरच्या नाटकात शेरवानी चढली की प्रेक्षक समजतात, हा रझाकार. पण निजामाच्या राज्यात शेरवानी हा शिकलेल्या माणसाचा पोशाख होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थी शेरवानी घालूनच वर्गात बसत, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. दोनदा निजामाचे पंतप्रधान झालेले महाराजा किशन प्रसाद शेरवानी घालत आणि ‘शाद’ या तखल्लुसाने उर्दू शायरी करत. माझ्या पेटीतली सर्वांत चांगली शेरवानी एका हिंदू वकील घराण्यातून आली आहे. आतल्या खिशात अजून अत्तराचा डाग आहे. रझाकारांनी जे अत्याचार केले ते केलेच. त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण त्यांचा हिशेब एका कपड्याच्या माथी मारला की त्याच कपड्यात वावरलेले सगळेच आरोपी होतात.

आता आपल्या लोकांसाठीही दोन शब्द. ‘हिंदुस्थानला शिवायला आपण शिकवले’ असे आपल्यातले काही जण मोठ्या अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. मराठवाड्याच्याच उंबरठ्यावर अजिंठा आहे. पाचव्या शतकातल्या त्या भिंतींवर शिवलेल्या चोळ्या आणि बाह्यांचे अंगरखे दिसतात. मालवणचे गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय पोशाखावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मुंबईच्या पदमसी घराण्यातल्या रोशन अल्काझी नाटकांचे कपडे करता करता अभ्यासात शिरल्या आणि १९८३ साली प्राचीन भारतीय वेशभूषेवर त्यांचे पुस्तक आले. शिवण इथे होतीच. पुढे मुसलमानी दरबारांनी तिला नवे काट, नवे घाट, नवे कारखाने दिले. एवढे मान्य केल्याने आपला वाटा कमी होत नाही.

तो वाटा पाहायचा असेल तर मशरू हातात घ्यावा. पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लावू नये, असा शरियतचा दंडक. विणकराने तोड काढली. रेशमी ताणा वर राहील आणि सुती बाणा अंगाकडे, असे कापड विणले. नावच ‘मशरू’, म्हणजे शरियतला मान्य. बाहेरून शाही झळाळी, आतून साधे सूत. पुढे ते हिंदू घरांतही आवडीने वापरले गेले. औरंगाबादचा हिमरू हा किनखापाचा असाच स्वस्त भाऊ. विणकर दौलताबादला राजधानी आली तेव्हा मुहम्मद तुघलकाबरोबर आले, असे परंपरेने सांगतात.

पण दुसऱ्या कुणाला दाखवायला आपल्याकडे उरले किती? कापड दगडासारखे टिकत नाही. जुन्या पैठणीची जर जाळून चांदी काढली जाते. शेरवानी बोहारणीच्या टोपल्यात जाते आणि बदल्यात स्टीलचे पातेले येते. उरलेसुरले गोधडीत शिवले जाते. ज्यांनी वेळीच वेड घेतले त्यांच्यामुळे थोडेफार वाचले. पुण्याचे दिनकर केळकर, कवितेत ‘अज्ञातवासी’, यांनी १९२०च्या सुमारास रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, वस्त्रे. लोक हसत असतील. १९६२ साली त्यांनी सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. बालपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाचे ते संग्रहालय आज शुक्रवार पेठेत आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष केळकरांनीच तिथे आणून पुन्हा उभे केले. मस्तानीवर चित्रपट निघण्याच्या कितीतरी आधी एका चष्मेवाल्या माणसाने तिचा महाल सांभाळला होता.

केळकरांइतके करणे प्रत्येकाला जमणार नाही. पण घरातली पेटी उघडणे जमेल. दादाजींची शेरवानी, नानीचा गरारा, लग्नातली किनखापाची वास्कट बोहारणीला देण्याआधी तिचा एक फोटो काढा. कुणाची, कोणत्या सालची, कुणी शिवली, कापड कुठून आणले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी खिशातच ठेवा. नेफ्थलिनच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवला तरी चालतो. वर्षातून एकदा सावलीत वारा द्या, उन्हात घालू नका.

आणि शिक्षक मित्रांनो, यंदाच्या स्नेहसंमेलनात कपडेपट आला की दोन्ही पेट्या एकत्र ओता. मग पोरांना माप पाहून कपडे वाटा. दौलतखानाचा जामा कमी पडला तर मला कळवा. माझ्याकडे पाचवीच्या मापाचे चार तयार आहेत, बंद दोन्ही बाजूंना लावलेले.