जुन्या मालाची नादपरीक्षा

पैनगंगेच्या एका तीरावर इंग्रजी अंमलाखालचें वऱ्हाड आणि दुसऱ्या तीरावर निजामाचें राज्य, अशी माहूरच्या परिसराची स्थिति १९४७-४८ पर्यंत होती. पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया चाले, अलीकडे हैदराबाद संस्थानचा हाली सिक्का. रेणुकेच्या दर्शनास वऱ्हाडांतून येणाऱ्या यात्रेकरूस नदी ओलांडतांच नाण्याचा विचार करावा लागे. त्या काळीं व्यवहारांत नाणें दगडावर आपटून त्याचा नाद ऐकण्याची चाल सर्वत्र होती. खणखणीत वाजलें तर खरें, बद्द वाजलें तर खोटें. नाणीं गेलीं, परंतु हे दोन शब्द मराठींत अजून शाबूत आहेत. कुंभाराकडून मडकें घेतांनाहि गृहिणी तें बोटानें वाजवूनच घेते. डोळ्यास न दिसणारी चीर कानास कळते.

ही जुनी नादपरीक्षा आज एका अगदीं निराळ्या वस्तूच्या बाबतींत पुन्हां उपयोगास आली आहे. ती वस्तु म्हणजे वापरून विकावयास काढलेल्या डोंगरी सायकलचा कार्बनचा फोर्क. पुढच्या चाकास दोन्ही बाजूंनीं धरणारा आणि वरच्या टोकास हँडलशीं जोडलेला जो दुपाखी भाग, त्यास कारागीर फोर्क म्हणतात. माहूरसारख्या ठिकाणीं, जेथें रेणुकागड, दत्तशिखर आणि अनसूयेचें शिखर अशा उंचवट्यांवरून वळणावळणाचे उतार आहेत, तेथें या भागाचें महत्त्व विशेष. उतारावर पुढचा ब्रेक दाबला म्हणजे सायकल आणि स्वार यांच्या भाराचा मोठा अंश पुढच्या चाकावर येतो. मागची तार तुटली तर स्वार थांबतो. फोर्क तुटला तर तो तोंडघशीं पडतो, आणि सावरण्यास क्षणाचाहि अवधि मिळत नाहीं.

फोर्कचा इतिहास सायकलइतकाच जुना आहे. कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थानें १८१७ सालीं मानहाइम येथें जें दुचाकी वाहन चालवून दाखविलें, तें लाकडी होतें. पुढें लोखंड आलें, आणि १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीनें जी ‘रोव्हर’ सायकल बनविली, तिच्यापासून आजच्या सायकलचें रूप ठरलें. महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहासहि या वाहनाशीं निगडित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें; लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हीं त्यानंतरचीं. डनलपनें हवा भरलेल्या रबरी धावेचा हक्क घेतला तो याच वर्षीं.

त्या काळच्या आणि पुढील अनेक दशकांच्या सायकलींचा फोर्क पोलादी असे. पोलादाचा स्वभाव सरळ. धडक बसली तर तें बहुधा आधीं वाकतें, मग मोडतें. वाकलेला फोर्क आंधळ्यासहि हातानें चांचपून कळतो. म्हणून जुनी सायकल घेणारा मनुष्य पुढचें चाक फिरवून, एक डोळा मिटून सरळ रेषेंत पाही आणि निश्चिंत होई.

तथापि पोलादाच्या पोटांतहि कपट असूं शकतें, हें जगास १८४२ सालीं कळलें. त्या वर्षीं ८ मे रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडला, गाडी पेटली, आणि पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं; प्रसिद्ध दर्यावर्दी द्यूमाँ द’उर्व्हिल त्यांतच सहकुटुंब गेला. वरून धडधाकट दिसणारा आंस मोडला कसा? प्रशियांतील ऑगस्ट वोलर यानें पुढें अनेक वर्षें आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून दाखविलें कीं, एका झटक्यास सहज दाद न देणारी धातु लहान लहान ताण लाखों वेळां सोसून थकते, आणि मग तिच्यांत सूक्ष्म चीर पडून ती वाढत जाते. स्थानकावर गाडी उभी राहिली कीं हातोडीनें चाकें ठोकीत जाणारा रेल्वेचा नोकर हा त्या मडकें वाजविणाऱ्या गृहिणीचाच व्यवसायबंधु होय.

कार्बनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन यास कार्बनचे अत्यंत बळकट तंतु आढळले; जपानांत अकिओ शिंदो यानें आणि १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत इंग्लंडमधील फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनीं ते व्यवहारांत आणण्याच्या रीति काढल्या. या तंतूंचें कापड राळेंत भिजवून थरावर थर चढविले म्हणजे पोलादाहून पुष्कळ हलकी आणि ताणास अतिशय चिवट वस्तु तयार होते. परंतु तिची उणीवहि लौकरच उघड झाली. रोल्स-रॉइस कंपनीनें आपल्या आरबी २११ या विमानी एंजिनास कार्बनचीं पातीं बसविण्याचें ठरविलें. १९७० सालीं पक्षी आदळण्याच्या चांचणींत तीं टिकलीं नाहींत, आणि त्यांच्या जागीं टायटॅनियम घ्यावें लागलें. इतर खर्चांत ही भर पडून १९७१ च्या फेब्रुवारींत कंपनीचें दिवाळें वाजलें. ताणास शूर, टोल्यास नाजूक, असा हा पदार्थ.

टोला बसला असतां कार्बन वाकून दाखवीत नाहीं. वरचा रंग जसाच्या तसा राहातो आणि आंतले थर एकमेकांपासून सुटतात. विमानविद्येंत अशा दुखापतीचा स्वतंत्र अभ्यास होतो, आणि तेथें स्वनातीत ध्वनिलहरींच्या यंत्राबरोबर नाण्यानें ठोकून पाहाण्याची रीतिहि मान्य आहे. सायकलचे जाणकार तेंच करितात. फोर्कच्या पाखांवर नाण्यानें हलकेच ठोकीत जावें. नाद एकसारखा टणक येत असतां मध्येंच बद्द झाला तर तेथें थर सुटल्याचा संशय घ्यावा. मात्र नाण्यावर फार भिस्त ठेवणें धोक्याचें. पाख जाड-बारीक असेल तेथें निर्दोष फोर्कचाहि नाद बदलतो. म्हणून डाव्या पाखाचा नाद उजव्याच्या त्याच जागेशीं ताडून पाहावा.

शिवाय खरा धोका पुष्कळदां पाखांत नसून वर झांकलेला असतो. फ्रेमच्या माथ्यांतून जाऊन हँडलला धरणारी उभी नळी बाहेरून दिसतच नाहीं. ९ एप्रिल २००६ रोजीं पॅरिस-रूबे शर्यतींत जॉर्ज हिंकापी या अमेरिकन स्वाराची हीच नळी धांवत्या सायकलवर तुटली. हँडल हातांत आलें आणि खांद्यास दुखापत होऊन शर्यत संपली. त्यापूर्वीं त्याच शर्यतींत तो एकदां पडला होता. त्याची ती नळी कार्बनची नसून ॲल्युमिनियमची होती, ही गोष्ट विसरतां कामा नये. केवळ कार्बनला दोष देऊन भागत नाहीं. पडल्यावर तपासलें नाहीं, हें मूळ.

म्हणून फोर्क फ्रेमांतून पूर्ण काढून दाखविण्यास जो विक्रेता राजी नसेल त्याच्याशीं सौदाच करूं नये. काढल्यावर तो स्वच्छ पुसून तिरप्या उजेडांत पाहावा: हँडलची पकड जेथें आवळली जाते तेथें वळ अथवा चीर आहे काय, खालची बेअरिंग बसते तो खांदा, ब्रेकची बैठक आणि चाकाचा आंस धरणारीं टोकें शाबूत आहेत काय. नळी कार्बनची असून तिच्या आंत ठोकून बसविलेला दांतेरी नट सांपडला तर तो फोर्क नाकारावा. तो नट धातूच्या नळीसाठीं असतो आणि कार्बनच्या भिंतीस आंतून ओरबाडतो. मऊ कापड फिरवितांना धागा अडकला तर तेथें तंतु तुटले आहेत. नव्यानें रंगविलेला फोर्क स्वस्त मिळत असेल तर तो रंग कशावर चढविला आहे, हें विचारावें. सायकलींच्या चांचण्यांची आंतरराष्ट्रीय संहिता, आयएसओ ४२१०, हिच्या सहाव्या भागांत फ्रेम व फोर्क यांच्या परीक्षा दिल्या आहेत; परंतु त्या कारखान्यांतील नव्या मालाच्या नमुन्यांसाठीं आहेत, एखादा फोर्क मागच्या पावसाळ्यांत कोणत्या दगडावर आदळला हें त्यांतून कळत नाहीं.

संशय फिटला नाहीं तर जाणकार फोर्क परतहि करीत नाहींत आणि भंगारांतहि टाकीत नाहींत. नाकातोंडास फडकें बांधून, कारण त्याची धूळ छातीस अपायकारक असते, ते करवतीनें त्याचे दोन तुकडे करितात. अखंड राहिला तर रंगाचा एक हात देऊन तो पुन्हां बाजारांत येतो.