परीक्षण करणारा कोणाच्या मिठाला जागतो?

समजा, तुम्हाला नवा मिक्सर घ्यायचाय. तुम्ही फोन उघडता, दोन-चार व्हिडिओ बघता. प्रत्येकजण छातीठोकपणे सांगतो की हाच घ्या. तेवढ्यात मनात पाल चुकचुकते: याला हा मिक्सर विकत घ्यावा लागला, की कंपनीने घरपोच पाठवला?

ही शंका इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. माझं संशोधन विसाव्या शतकातल्या ग्राहक चळवळींवर आहे आणि जुनी कागदपत्रं चाळताना हाच प्रश्न सारखा समोर येतो. म्हणून आज त्याचा इतिहास थोडक्यात सांगते. गोष्ट अमेरिकेतली आहे, कारण या प्रश्नाची उत्तरं शोधण्याचे सुरुवातीचे मोठे प्रयोग तिथे झाले.

‘गुड हाऊसकीपिंग’ या मासिकाने १९०० मध्ये घरगुती वस्तू तपासायला स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि १९०९ पासून पसंत पडलेल्या वस्तूंना शिक्का द्यायला सुरुवात केली. गृहिणींचा त्या शिक्क्यावर फार विश्वास. पण मासिक चालायचं जाहिरातींवर, आणि शिक्का मिरवणाऱ्या कंपन्याच तिथल्या जाहिरातदार. १९३९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने मासिकाविरुद्ध तक्रार दाखल केली आणि १९४१ मध्ये दिशाभूल करणारे दावे थांबवण्याचा आदेश दिला.

इथे एक फरक लक्षात घ्या. कोणी लाच खाल्ली, असं मी म्हणत नाहीये. प्रयोगशाळेतली माणसं अगदी प्रामाणिक असू शकतात. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे भ्रष्टाचार नव्हे. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच पैशावर आपलं घर चालणं, एवढं त्याला पुरतं. कोणी दटावत नाही, धमकावत नाही. पण ‘नापास’ लिहिताना हात जरा अडखळतो.

यावर उपाय काय? १९२७ मध्ये स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक यांचं ‘युअर मनीज वर्थ’ हे पुस्तक आलं आणि भरपूर खपलं. श्लिंक हे इंजिनिअर, सरकारी मानक संस्थेत काम केलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: सरकार स्वतःसाठी माल घेताना तो तपासून घेतं, मग सामान्य माणसाने जाहिरातीवर का विसंबायचं? त्यातून १९२९ मध्ये ‘कन्झ्युमर्स रिसर्च’ ही संस्था उभी राहिली. तिचा खर्च वर्गणीतून निघायचा. गंमत म्हणजे सुरुवातीला तिचे अहवाल गोपनीय असत. ते इतरांना दाखवणार नाही, असं वर्गणीदाराला लिहून द्यावं लागे.

कंपन्यांच्या पैशापासून सुटका झाली, म्हणजे प्रश्न मिटला? नाही. १९३५ मध्ये याच संस्थेतल्या कर्मचाऱ्यांनी युनियन काढली, त्यातल्या काहींना कामावरून काढलं गेलं आणि संप पेटला. श्लिंक यांनी संपामागे कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला. लोकांच्या वस्तूंचे दोष निर्भीडपणे सांगणाऱ्या संस्थेला घरातली तक्रार काही ऐकवेना!

संपातून बाहेर पडलेल्यांनी १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ स्थापन केली. आज ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ म्हणून प्रसिद्ध असलेलं मासिक तिचंच. तिचे नियम बघा. जाहिरात घ्यायची नाही. चाचणीची वस्तू कंपनीकडून फुकट घ्यायची नाही. दुकानात जाऊन, ओळख न सांगता, चारचौघांसारखी विकत आणायची. दुसऱ्या नियमामागे शहाणपण आहे: कंपनीने पाठवलेला नमुना निवडून पाठवलेला असू शकतो, दुकानातला तसा नसतो.

या नियमांची किंमतही मोजावी लागली. जाहिरातींवर चालणाऱ्या अनेक वर्तमानपत्रांनी संस्थेची स्वतःची जाहिरात छापायला नकार दिला. पुढे अमेरिकन संसदेच्या ‘अमेरिकाविरोधी कारवायां’च्या समितीने तिला संशयितांच्या यादीत टाकलं, ते नाव १९५४ मध्ये निघालं.

बरं, कौतुकाचाही त्रास असतो. आपल्या शिफारशी कंपन्यांनी जाहिरातीत वापरू नयेत, असा संस्थेचा आग्रह. ‘रेजिना’ या व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिरातीत तिचं मत उद्धृत केलं गेलं, तेव्हा ती कोर्टात गेली. १९८३ मध्ये अपील कोर्टाने संस्थेच्या बाजूचा मनाई हुकूम रद्द केला. थोडक्यात, तुम्ही कंपनीकडून काही घेतलं नाही, तरी कंपनी तुमचा शब्द घेऊन जाऊ शकते.

आणि स्वतंत्र म्हणजे अचूक, असंही नाही. जानेवारी २००७ मध्ये याच मासिकाने बाळांच्या कार-सीट्सच्या अपघात-चाचणीत बहुतेक सीट्स नापास केल्या. नंतर कळलं की बाहेरच्या प्रयोगशाळेने ताशी ३८ मैलांऐवजी ७० मैलांहून जास्त वेगाच्या धडकेइतका जोर लावला होता. संस्थेने तो अहवाल मागे घेतला. वर्गणीदारांचं मीठ खाणाऱ्याने चूक झाल्यावर त्यांनाच तोंड दाखवायचं असतं.

आता आपल्याकडे या. भारतात जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी काही संबंध असेल तर तो उघड करणं बंधनकारक आहे. चांगलंच आहे. पण इतिहास वाचून मला वाटतं, उघड करणं ही पहिली पायरी. ‘पैसे घेतलेत’ एवढं सांगितल्याने परीक्षण निर्मळ होत नाही. त्यातलं मीठ किती आणि सत्य किती, हे पाखडायचं काम फक्त तुमच्या गळ्यात येतं. १९३६ सालच्या माणसांनी तो संबंधच तोडला आणि बिल वाचकाकडे पाठवलं.

म्हणून पुढच्या वेळी व्हिडिओ बघताना ‘हा माणूस खरा आहे का?’ हे विचारत बसू नका. ते कळणं अवघड असतं. याचं पोट कोण भरतं, हे आधी बघा. आणि ‘कोणीच नाही, सगळं फुकट आहे’ असं वाटलं, तर पुन्हा एकदा बघा.