तळटीप : पॅरालीगल
* ग्रंथकर्त्याने उल्लेखिलेला पॅरालीगल कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतीचा असून, तेथे २००७ साली सुरू झालेल्या नियमनानुसार त्यास वकिलांच्याच लॉ सोसायटीची सनद घ्यावी लागते; मात्र ती हाती आली, की लहान रकमेच्या दाव्यांत, वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांत आणि घरमालक व भाडेकरू यांच्या तंट्यांत तो पक्षकारातर्फे स्वतः उभा राहू शकतो. इंग्लंडात, त्याच वर्षीच्या विधिसेवाविषयक कायद्याने न्यायालयातील युक्तिवादादी मोजकी कामे अधिकृत व्यक्तींसाठी राखून ठेविली असली, तरी पॅरालीगल म्हणवून घेण्यास कसलीही सनद लागत नाही. ही मोकळीक, निदान अजाण पक्षकाराच्या दृष्टीने, आम्हांस धोक्याची वाटते. बंगालकडील जुने मुखत्यार, ज्यांना १८७९ च्या कायद्यान्वये प्रमाणपत्र घ्यावे लागे, ते या बाबतीत ऑन्टारिओसच अधिक निकट होत. – संपादक